सेल्फ मारला की नुसतं 'टक' : नवीन बॅटरी टाकूनही न सुटलेलं प्रकरण

गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, साधे पाच गिअर, केबलवाला क्लच. राहायला आम्ही चिपळूणला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण यात कंपनीचा काही दोष नाही आणि नाव घेतलं की निम्मे लोक "ह्या गाड्यांचं असंच असतं" म्हणून मोकळे होतात.

जुलै २०२३. पोराला सकाळी क्लासला सोडायचं होतं, बाहेर धो धो पाऊस, चावी फिरवली तर बोनेटखालून एकच आवाज. टक. बस. परत फिरवली, परत टक. सेल्फचं (इंजिन सुरू करायला ते फिरवणारी मोटर) ते नेहमीचं घरघरणं नाहीच. डॅशबोर्डचे दिवे लागलेले, वायपर मजेत फिरतायत, रेडिओ चालू, आणि हॉर्न दाबून बघितला तर इतका खणखणीत की वरच्या मजल्यावरचे तात्या गॅलरीत आले. तात्या एसटीत ड्रायव्हर होते, त्यामुळे गाडीच्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्या बिल्डिंगमध्ये शेवटचा. त्यांनी वरूनच विचारलं, "बॅटरीला किती वर्षं झाली रे?" म्हटलं तीन. "मग संपली ती. वायरमनला बोलाव."

वायरमन स्कूटरच्या पायाशी एक सुटी बॅटरी ठेवून आला. लाल चिमटा आमच्या बॅटरीच्या प्लसला लावला, काळा चिमटा इंजिनाच्या वरच्या हुकाला लावला (ही जागा लक्षात ठेवा, सगळं प्रकरण तिथंच आहे), आणि पहिल्या झटक्यात गाडी सुरू! तो म्हणाला, "बघा साहेब, बॅटरीच." मीही म्हटलं बॅटरीच. दुसऱ्या बॅटरीने सुरू झाली म्हणजे आपली गेली, यात शंका घ्यायला जागा कुठाय? नवीन ३५ एएचची ४,२०० ला पडली, जुनीचे ७०० वजा केले. बसवताना त्याने बॅटरीचा ट्रे बाहेर काढला, खाली फडकं मारलं आणि म्हणाला, "खाली लई चिखल बसलाय हो तुमच्या." मी हसून म्हटलं, चिपळूणची गाडी आहे, असणारच.

त्या चिखलाचं सांगतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं होतं ते सगळ्यांना माहितीय. आमची गाडी बिल्डिंगच्या रॅम्पवर चढवून ठेवली होती म्हणून वाचली, पाणी सीटपर्यंत आलं नाही, पण पुढचं चाक अर्ध्याहून वर बुडालेलं होतं आणि ते बराच वेळ तसंच होतं. नंतर धुऊन घेतली, ऑइल बदललं, ब्रेक उघडून साफ केले, दोन वर्षं काही त्रास नाही. त्यामुळे विषय डोक्यातून गेला होता.

नवीन बॅटरीवर नऊ दिवस झकास गेले. दहाव्या दिवशी कराडला मावसबहिणीकडे निघालो, कुंभार्ली घाट चढून कोयनानगरला चहा-भजीला थांबलो, वीस मिनिटांनी परत येऊन चावी फिरवली तर... टक. बायकोने माझ्याकडे जे बघितलं ते लिहीत नाही.

शेजारी एक जीपवाला थांबलेला, भला माणूस, स्वतःहून जंप केबल (एका गाडीच्या बॅटरीचा करंट दुसरीला द्यायच्या लाल-काळ्या जाड वायरी) घेऊन आला. त्याने लाल प्लसला आणि काळा बॅटरीच्या मायनसला लावला, जीप रेस करून पाच मिनिटं ठेवली, आणि सेल्फ मारला तर पुन्हा तेच टक. तीनदा करून बघितलं. त्याने निकाल दिला, "बॅटरी नवीन आहे, वर जंप दिलाय, तरी फिरत नाही म्हणजे तुमचा सेल्फ गेला." तेही पटलं. मग टपरीवरच्या चार पोरांनी ढकलली, दुसरा गिअर, क्लच सोडला, इंजिन लगेच पकडलं. कराडला पूर्ण वेळ गाडी उतारावर लावून ठेवली.

घरी आल्यावर सेल्फ उतरवला. मेकॅनिकने तो जमिनीवर ठेवून बॅटरीची डायरेक्ट वायर दिली तर भिंगरीसारखा फिरला. कार्बन ब्रश अर्ध्याहून जास्त शिल्लक. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की सेल्फमध्ये काही दिसत नाही, तरी उघडलाच आहे तर साफ करून देतो. ९०० रुपये. बसवला, गाडी सुरू. चार दिवस सुरू. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, टक.

आता मात्र मी हटून बसलो, की कुणालाही फोन करायचा नाही, आधी नीट विचार करायचा. मी इलेक्ट्रिकलचा माणूस नाही पण डिप्लोमाला ओहमचा नियम शिकलोय, आणि घरात ३५० रुपयांचा डिजिटल मीटर पडलेला होता.

पहिली गोष्ट म्हणजे हा 'टक' कसला. सेल्फच्या डोक्यावर सोलेनॉइड असतो. चावी फिरवली की त्याला बारीक वायरने करंट मिळतो, आतला दांडा ओढला जातो, तो सेल्फचं छोटं गिअर फ्लायव्हीलमध्ये (इंजिनाच्या मोठ्या दातेरी चाकात) घुसवतो आणि त्याच वेळी आतले दोन जाड कॉन्टॅक्ट जोडतो, मग बॅटरीचा खरा मोठा करंट मोटरला जातो. टक म्हणजे तो दांडा ओढला गेला. म्हणजे चावीचा स्विच, रिले, फ्यूज, बारीक वायर हे सगळं संशयातून सुटलं. काहीच आवाज आला नसता तर तिकडे शोधायचं. आणि टकटकटकटक असा मशीनगनसारखा आवाज आला असता तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल सैल असतं, कारण दांडा ओढला की मोटर करंट खेचते, व्होल्टेज कोसळतं, दांडा सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, परत ओढला जातो, असं चालू राहतं. आमचा एकच टक होता. दांडा ओढून धरला जातोय, पण मोटरला फिरायला पुरेसं काही मिळत नाहीये.

दुसरी गोष्ट दिव्यांची. हेडलाइट लावून समोरच्या भिंतीवर उजेड बघत पोराला चावी फिरवायला सांगितली. उजेड जरासा कमी झाला, पण विझायला टेकला वगैरे नाही. बॅटरी मेलेली असती किंवा सेल्फ जाम होऊन भरमसाट करंट ओढत असता तर दिवे पार बसले असते. आमचे टिकले, म्हणजे बॅटरीतून जेवढा करंट निघायला हवा तेवढा निघतच नाहीये, वाटेत कुणीतरी अडवतंय. जुलैपासून हे डोळ्यासमोर होतं, वायपर फिरतायत, हॉर्न वाजतोय, आणि आम्ही बॅटरी बदलली!

मग मीटर. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक पूर्ण वर, हातातली अंगठी काढून खिशात (प्लस आणि बॉडीच्या मधे अंगठी आली तर बोट भाजतं, आमच्या ओळखीत झालंय), पोरगा आत बसलेला, "हां" म्हटलं की दोन सेकंद चावी.

नुसती बॅटरी १२.५ व्होल्ट. पूर्ण भरलेली १२.६ च्या वर असते, म्हणजे ठीकच. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन खांबांवर ११.३. हा आकडा ९.६ च्या खाली गेला असता तर बॅटरीवर संशय घ्यायचा. नाही गेला.

आता खरी टेस्ट, व्होल्टेज ड्रॉपची. यात मीटर व्होल्टवरच ठेवायचा, पण प्लस-मायनसवर न लावता एकाच वाटेच्या दोन टोकांना लावायचा आणि सेल्फ मारायचा. वाट मोकळी असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो, अडथळा असेल तर जेवढे व्होल्ट तिथं खाल्ले जातायत तेवढे दाखवतो. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत : ०.३. चालेल, अर्ध्या व्होल्टपर्यंत काळजी नाही. मग बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाच्या उघड्या धातूपर्यंत. हे ०.२, फार तर ०.३ च्या आत हवं.

"हां."

टक.

५.८.

मला वाटलं पिन घसरली. परत घेतलं. ५.८, नंतर ५.७. बॅटरी ११.३ देतेय, त्यातले जवळपास सहा परतीच्या वाटेवरच जातायत, ०.३ जाण्याच्या वाटेवर, सेल्फच्या वाट्याला उरतात पाच-सव्वापाच. त्यात दांडा धरून ठेवला जातो, पण इंजिन फिरत नाही.

आपण सगळे प्लसच्या वायरकडेच बघतो. करंटला परत पण यायचं असतं, आणि सेल्फला स्वतःची मायनस वायर नसते, त्याचं अंगच मायनस. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून वेगळंच, म्हणून बॉडी आणि इंजिन-गिअरबॉक्स जोडायला एक अर्थची पट्टी दिलेली असते. काही गाड्यांत बॅटरीची मायनस केबल थेट गिअरबॉक्सवर जाते. आमच्यात ती बॉडीवर येते आणि तिथून विणलेली तांब्याची पट्टी गिअरबॉक्सला. मायनसपासून बॉडीपर्यंत मोजलं : ०.०५. म्हणजे चोर बॉडी आणि गिअरबॉक्सच्या मधे, म्हणजे ती पट्टीच. आणि दिवे, हॉर्न, वायपर, रेडिओ यांचा अर्थ बॉडीला, त्यांना ह्या पट्टीशी काही देणंघेणंच नाही. म्हणून ते सगळे मजेत.

खात्री करायला जंप केबलमधली फक्त काळी घेतली. एक टोक आपल्याच बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या हुकाला. दुसरी गाडी नाही, दुसरी बॅटरी नाही. पोराने चावी फिरवली आणि इंजिन झालं सुरू. पोरगा आतून ओरडला, "बाबा, काय केलंत?"

आता मागे जाऊन ते दोन जंप बघा. वायरमनने काळा चिमटा हुकाला लावला होता, आणि तीच पद्धत बरोबर आहे, बॅटरीपाशी ठिणगी उडू नये म्हणून तसंच लावायला सांगतात. पण त्यामुळे त्याच्या बॅटरीचा करंट आमच्या खराब पट्टीला वळसा घालून थेट इंजिनातून परत जात होता. म्हणजे गाडी सुरू झाली ती त्याच्या चिमट्यामुळे, आणि नाव झालं त्याच्या बॅटरीचं. जीपवाल्याने काळा आमच्या मायनस खांबाला लावला, तिथून पुढं करंटला तीच सडकी वाट, म्हणून दोन बॅटऱ्या मिळून पण टक. वायरमनने चिमटा खांबाला लावला असता तर पहिल्याच दिवशी आम्ही बॅटरी सोडून दुसरीकडे बघितलं असतं.

मग नवीन बॅटरीवर नऊ दिवस आणि सेल्फवर चार दिवस कसे चालले? पट्टीचं वरचं टोक बॅटरीच्या ट्रेखाली आणि खालचं सेल्फच्या शेजारी. दोन्ही वेळा तिला धक्का लागला, हलली, तात्पुरती चिकटली. नकळत दुरुस्ती झाली आणि बिल भलत्याच पार्टचं लागलं.

एक गंमत सांगायची राहिली. ड्रॉपची टेस्ट करायच्या आधी मी पट्टी मीटरच्या बीपवर लावून बघितली होती आणि तो खुशाल बीप वाजला, म्हणून पाच मिनिटं मी पट्टीला सोडूनच दिलं होतं. छोटा पेट्रोल सेल्फ शे-सव्वाशे अँपिअर सहज ओढतो. १२० अँपिअर वाहतायत आणि वाटेत फक्त ०.०५ ओहमचा अडथळा आहे तरी गुणाकार ६ व्होल्ट येतो. माझा मीटर दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी ०.४ ओहम दाखवतो, त्याला ०.०५ काय कळणार? बीपने वायर तुटलीय का एवढंच कळतं, जाड करंट झेपेल का ते कळत नाही. ते लोड टाकूनच बघायला लागतं.

काम तसं अर्ध्या तासाचं. आधी मायनस टर्मिनल सोडलं (नेहमी आधी मायनस, म्हणजे पान्हा चुकून बॉडीला लागला तरी भडका नाही), १० नंबरच्या पान्ह्याने ट्रे काढला. पट्टी वरून बघितली तर काही म्हणता काही दिसत नव्हतं. बोल्ट सोडायला मात्र घाम निघाला, आणि थिंबल (पट्टीच्या टोकाची, बोल्टमध्ये बसणारी धातूची कडी) उचललं तर खाली तांबडी माती. वाळून विटेसारखी झालेली, थिंबल आणि बॉडीच्या बरोब्बर मधे, पुराची. थिंबलच्या मानेशी हिरवी पूड साठलेली, आणि पट्टी तिथं नुसती वाकवली तर तारा बिस्किटासारख्या तुटायला लागल्या. निम्म्याहून जास्त आधीच तुटलेल्या होत्या.

ओरिजिनल पट्टी मिळायला आठवडा लागेल म्हणाले, मग बॅटरीच्या जाड केबलचा फूटभर तुकडा घेऊन दोन्ही टोकांना थिंबल दाबून घेतली, २०० रुपये. इंजिन हलतं त्यामुळे केबल ताणून न बसवता जरा ढिली ठेवायची. बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासली, गिअरबॉक्सवरचीही. बोल्ट करकचून आवळले आणि मग वरून व्हॅसलीनचा थर, आधी नाही, आधी धातूला धातू भिडू द्यायचा. बॅटरीचे खांब पण खायचा सोडा टाकलेल्या गरम पाण्याने पुसून घेतले, ते काय, हात खराब झालेच होते.

नंतरचे आकडे : मायनस ते इंजिन, सेल्फ मारताना, ०.१. आणि बॅटरीवर सेल्फ मारताना १०.५. हे बघून क्षणभर दचकलो, कारण बिघाड असताना ११.३ होतं, आणि आता दुरुस्त झाल्यावर कमी! पण बरोबरच आहे, आता सेल्फला हवा तेवढा करंट मिळतोय म्हणून बॅटरी खरी कामाला लागली, आधी ती नुसती बसून होती.

चार्जिंगही मोजलं होतं. जुन्या पट्टीवर, ती काळी केबल इंजिनाकडून काढल्यावर, चालू इंजिनात बॅटरीवर १३.३ येत होते. नवीन पट्टीवर १४.२. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही इंजिनावरच बसलेला, त्याचा करंटही त्याच पट्टीतून फिरतो, म्हणजे जुनी बॅटरी कितीतरी महिने अर्धपोटीच राहिली असणार. तीन वर्षांची होती, तिला मी अगदी निर्दोष म्हणत नाही, पण जरा लवकर फासावर चढवली. तात्यांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "अर्थिंगचंच असणार, मला वाटलंच होतं." यावर काय बोलणार.

आता शेवटचा धागा. त्याच वर्षी, म्हणजे २०२३ च्या मार्चमध्ये क्लच एकदम जड झाला होता आणि मी ८५० रुपये देऊन केबल बदलून घेतली होती. तेव्हा सेल्फचा काही त्रास नव्हता, म्हणून दोन्हीचा संबंध लावायचं कारणच नव्हतं. पण पट्टी खराब असली की करंट दुसरी वाट शोधतो, आणि बॉडीपासून गिअरबॉक्सपर्यंत धातूची दुसरी वाट म्हणजे क्लच केबल, तिच्यावर स्टीलचं वेटोळं असतं आणि आत स्टीलची तार. रविवारी टेस्ट करताना सात-आठदा सेल्फ मारून झाल्यावर मी सहज नव्या क्लच केबलला हात लावला होता, गिअरबॉक्सच्या टोकाशी ती चांगली गरम लागली. इंजिन तर तेव्हा सुरूही झालेलं नव्हतं.

मेकॅनिकने काढलेली जुनी केबल डिकीत स्टेपनीखाली अजून पडलेली होती, भंगारात द्यायची राहिलेली. ती काढली आणि हॅक्सॉने उभी चिरली. आतलं पांढरं प्लॅस्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलेलं, एका ठिकाणी पार काळं. पोराला दाखवलं, त्याने बोटाने खरवडून बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे मार्चपासूनच सांगत होती ती." मग वहीत बॅटरीचे ३,५०० आणि सेल्फचे ९०० लिहिले होते त्याखाली क्लच केबलचे ८५० पण ह्याच पट्टीच्या खात्यावर मांडले. ५,२५०. पट्टी २०० ची.